खिडकीबाईंनी यादी बघायचं सोडलं

शाळेच्या कचेरीला व्हरांड्याच्या बाजूने एक खिडकी होती. खिडकी कसली, भिंतीत पाडलेला चौकोनच तो. खाली हात टेकायला लाकडी फळी आणि वर सरकणारी काच. उशिरा आलेल्याने तिथून चिठ्ठी घ्यायची, ताप भरलेल्याने तिथे येऊन उभं राहायचं, हरवलेल्या छत्रीची चौकशी तिथेच करायची. काचेच्या पलीकडे बसणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण पोरांनी त्यांना खिडकीबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की एकदा भर सभेत मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, तोंडूनही तेच निघालं. सगळे हसले. खिडकीबाईही हसल्या. त्यांना राग आला नव्हता. उलट आपण या शाळेच्या झालो, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

कचेरीत तीन टेबलं, दोन लोखंडी कपाटं आणि एक टाइपरायटर. त्याची एक कळ अर्ध्यात अडकायची, म्हणून ते अक्षर खिडकीबाई मागाहून शाईने भरत. पलीकडच्या टेबलावर मोठे कारकून बसत. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नानांकडे शाळा सोडल्याचे दाखले आणि पत्रव्यवहार. खिडकीबाईंकडे हजेरी, उशिराच्या चिठ्ठ्या आणि गुणांच्या याद्या. शिक्षक पेपर तपासून यादी हाताने लिहून आणत, बाई तिच्या तीन प्रती टाइप करत आणि प्रत्येकाचे गुण घरोघर पत्राने जात. म्हणजे कुठल्या पोराला किती पडले हे त्याच्या शिक्षकांनंतर सगळ्यात आधी बाईंना कळायचं. त्या पोराला स्वतःला ते दोन दिवसांनी, पेपर हातात पडल्यावर कळायचं.

या क्रमात काही चुकतंय असं चौदा वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खिडकीबाईंच्याही नाही. मग त्यांची लेक त्याच शाळेत आली.

लेकीला घरात बिट्टी म्हणत. एकुलती एक, हातापायांनी लांब, बोलायला लागली की थांबायची नाही. आठवीत तिचा प्रवेश झाला त्या दिवशी बाईंनी हजेरीपटावर तिचं नाव इतकं ठाशीव टाइप केलं, की कागदाला भोक पडलं. नाना म्हणाले, "बाई, पोरगी शाळेत आलीय, पलीकडच्या पानावर नको जायला."

पहिलं वर्ष नुसत्या आनंदात गेलं. मायलेकी सकाळी बरोबर निघत. मधल्या सुट्टीत बिट्टी डबा घेऊन खिडकीशी येई आणि फळीवर कोपर टेकून खाता खाता वर्गातल्या गमती सांगे. चाचण्यांचे गुण आले की बाईंना घरी जाईपर्यंत दम निघत नसे. नवरा दारात बूट काढतोय न काढतोय तोच त्या सांगत, "विज्ञानात पन्नासपैकी चव्वेचाळीस! भाषेत एक्केचाळीस!" मागून बिट्टी दप्तर टाकून आत येई तेव्हा वडील तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलूनच उभे असत. ती हसे. आपली लेक मनापासून हसतेय असंच बाईंना वाटे.

त्याच वर्षी शाळाशाळांमधल्या चित्रकलेच्या स्पर्धेत बिट्टीचा दुसरा नंबर आला. पाकीट कचेरीत आलं, बाईंनीच ते फोडलं. त्या दिवशी त्यांच्या अंगात जणू वारं शिरलं होतं. संध्याकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, त्यांना सांगितलं. वाण्याकडे सांगितलं. बिट्टी मैत्रिणीकडे गेली होती. ती परतली तेव्हा जिन्यातच काकूंनी तिचे गाल कुस्करले, "काय गं, बक्षीस मिळालं म्हणे!" बिट्टी वर आली ती जरा गप्पच होती. दमली असेल, असं म्हणून बाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं.

नववीत गणित अवघड झालं. बिट्टीचंच नाही, निम्म्या वर्गाचं. पण बाईंच्या टेबलावर यादी आली आणि लेकीच्या नावापुढे पन्नासपैकी चौदा दिसले तेव्हा निम्मा वर्ग त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. पुढच्या तासाभरात त्यांनी गणिताच्या सरांना गाठलं, शिकवणीची वेळ ठरवली, आणि घरी जाऊन चित्र काढायचा फळा, रंग, कुंचले सगळं कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिलं. बिट्टी आली तेव्हा सगळी तयारी झालेली होती. बाईंनी तोंड उघडण्याआधीच तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती?"

"चौदा."

"बरं," बिट्टी म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

ते 'बरं' बाईंना रडण्यापेक्षा वाईट लागलं. पण का लागलं ते त्यांना तेव्हा नेमकं सांगता आलं नसतं.

त्यानंतर बिट्टी खिडकीशी येईनाशी झाली. बाईंनी मान वर करून पाहिलं तर मधल्या सुट्टीत ती मैदानाच्या पार टोकाला, नळाजवळच्या कट्ट्यावर डबा खाताना दिसे. सकाळी "तू हो पुढे, मला वही सापडत नाहीये" असं म्हणून मागे राही. व्हरांड्यातून वर्गात जायचा सरळ रस्ता सोडून प्रयोगशाळेच्या मागून वळसा घालून जाई. शिकवणीला मात्र न चुकता जात होती, आणि गणिताचे सर म्हणत होते की सुधारतेय, फळ्यावर येऊन उदाहरणं सोडवते. बाई म्हणत, चला, औषध कडू असलं तरी लागू पडतंय.

मग सहामाही झाली. गणिताचे सर यादी घेऊन आले, पण ती फळीवर न ठेवता हातातच धरून उभे राहिले. हे सर तसे फटकळ, मुलांना घाम फोडणारे. त्या दिवशी मात्र त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, एक विचारू? घरी काही झालंय का?"

"नाही हो. का?"

"तुमच्या मुलीने पेपर कोरा दिलाय. नाव, हजेरी क्रमांक, खाली काही नाही. तीन तास शांत बसून होती. आदल्या दिवशी तिनेच अख्ख्या वर्गाला समीकरणं समजावली होती."

सर गेल्यावर बाई यादीकडे बघत राहिल्या. नानांनी चष्मा काढला. "द्या इकडे. ही एवढी यादी मी मारतो."

"नको. माझं काम आहे," असं म्हणून बाईंनी यंत्रात कागद चढवला आणि लेकीच्या नावापुढे शून्य टाइप केलं. शून्याची कळ चांगली होती, ती कधीच अडकायची नाही.

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या खात्यात होते. दिवसभर दारोदार फिरून मीटर वाचायचं काम. अंगाने बारीक, पायाने दणकट, आणि स्वभावाने असे की कुणी तावातावाने बोलायला लागलं की यांना हटकून चहा आठवायचा. संध्याकाळी मागच्या गॅलरीत बसून बुटांची धूळ झटकायची, पॉलिश करायचं, हा त्यांचा नेम. बाईंनी त्यांना तिथेच गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

ते ब्रश फिरवत राहिले. मग म्हणाले, "विचारलंस तिला?"

"काय विचारायचं? कोरा पेपर देते म्हणजे काय! मी तिथे बसते, सगळी शाळा मला ओळखते..."

"ते राहू दे. विचारलंस का?"

"नाही."

"मी दिवसाला साठ घरांचे आकडे वाचतो," ते बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाले. "कुणी किती पाणी वापरलं ते अगदी चोख सांगेन. पण कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचा नळ गळतोय, हे दार उघडून कुणी सांगितलं तरच कळतं."

बाई तणतणत आत गेल्या. बिट्टी खाटेवर पाय दुमडून बसली होती. बाईंनी खुर्ची ओढली. ओरडायचं नाही, असं दारातच ठरवलं होतं, तरी आवाज चढलाच. "येत होतं ना तुला? सर म्हणतात येत होतं. मग का नाही लिहिलंस?"

मग बिट्टी म्हणाली, "लिहिलं असतं तर तुला कळलं असतं."

"म्हणजे?"

"तुला सगळं माझ्या आधी कळतं. मी उशिरा गेले तरी कळतं, वर्गातल्या बाईंनी मला उभं केलं तरी कळतं. किती पडले ते मला कधी घरी येऊन सांगताच येत नाही. चांगले पडले तरी नाही, वाईट पडले तरी नाही. मी येते तेव्हा तुझं खुश होऊन झालेलं असतं, नाहीतर रडून तरी झालेलं असतं." ती थांबली नाही. "माझा नंबर आला ते मला काकूंनी जिन्यात सांगितलं, आई. माझं चित्र होतं ते. पेपर लिहायला बसले तेव्हा वाटलं, यात जे लिहीन ते आधी तुझ्या टेबलावर जाणार. मग नाही लिहिलं. कोऱ्या पेपरातून कुणाला काय कळणार!"

बोलण्यात खिडकीबाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, कचेरीत भांडायला आलेल्या पालकांना त्या पाच मिनिटांत पाणी प्यायला लावत. पण त्या संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना ते गाल कुस्करलेलं तोंड आठवलं, आणि दमली असेल म्हणून आपण पुढे केलेलं ताट आठवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच त्या नानांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. "नाना, बिट्टीचा वर्ग, नववी ब, तुम्ही घ्या. हजेरी, चिठ्ठ्या, याद्या, सगळं. बदल्यात तुमचे दाखले मी करते."

नानांनी त्यांच्याकडे आणि मग दाखल्यांच्या धुळकट नोंदवह्यांकडे पाहिलं. "पन्नास वर्षांची धूळ आहे बाई. शिंकून शिंकून बेजार व्हाल."

"होईन."

"आणि समोरासमोर टेबलं आपली. यादी काय मी खिशात घालून फिरू?"

"खणात ठेवा. कुलूप लावा. किल्ली मागितली तरी देऊ नका."

नानांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना तीन मुलं होती.

घरी येऊन बाईंनी कपाटाच्या वरच्या खणातून रंग आणि फळा काढून बिट्टीच्या खाटेवर ठेवला आणि तिला सांगितलं, "यापुढे तुझ्या वर्गाचं काहीही माझ्याकडे येणार नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको."

आता लेक गळ्यात पडेल, अशी त्यांची आतून अपेक्षा होती. बिट्टी म्हणाली, "बरं."

आणि खरंच, महिनाभर तिने काही सांगितलं नाही. तो महिना बाईंना फार जड गेला. गणिताचे सर व्हरांड्यातून जाताना दिसले की त्यांच्या जिभेवर प्रश्न येई, त्या तो गिळत. जेवताना तिघांच्यात भांड्यांचाच आवाज. एकदा त्यांनी पाहिलं, की बिट्टी गॅलरीत वडिलांजवळ उकिडवी बसून काहीतरी सांगतेय, हातवारे करून, पूर्वीसारखी. नंतर नवऱ्याला त्यांनी कुजबुजत विचारलं, "तुम्हाला बरी सांगते?"

"मी बुटाकडे बघत असतो," ते म्हणाले. "तू तिच्या तोंडाकडे बघतेस. तोंडाकडे बघणाऱ्याला सांगायचं म्हणजे परीक्षाच की."

बाईंना हे पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्या किलोभर मटार घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फतकल मारून सोलत बसल्या. बिट्टी पाणी प्यायला आली, थबकली, मग समोर बसून तिनेही शेंग उचलली. बाईंनी मान वर केली नाही. पाव किलो सोलून झाले. मग बिट्टी म्हणाली, "आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आलीय, ती झोपेत नाही, जागेपणी बडबडते." बाई हसल्या. एवढंच झालं. पण त्या आठवड्यात त्या घरात इतके मटार खाल्ले गेले, की यजमानांनी हात जोडले.

बाई काही एका दिवसात साधू झाल्या नाहीत. दुसऱ्या सत्राची चाचणी झाली आणि एका शनिवारी नाना दातदुखीने अर्ध्यातच घरी गेले. यादी खणात टाकायची राहिली होती, टेबलावर काचेच्या वजनाखाली पडली होती. कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. बाई दाखला लिहीत होत्या. एक लिहिला, दुसरा लिहिला, तिसऱ्यावर तारीख चुकली. मग त्या उठल्या, खिडकीची काच सरकवून बंद केली आणि वजन उचलून पाहिलं. तेवीस.

घरी जाताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. बिट्टी त्या दिवशी त्यांच्या आधी येऊन दारात उभी होती. काहीतरी सांगायची घाई तोंडावर दिसत होती. "आई, गणिताचा पेपर मिळाला. ओळख किती?"

बाईंना नाटक कधी जमलंच नव्हतं. त्यांनी भुवया उंचावल्या, तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटलं. "बिट्टे, मी बघितलं गं. नानांच्या टेबलावर होती यादी. तेवीस. चुकलं माझं."

बिट्टीच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. ती वळून आत गेली. बाई चपला न काढता दारातच उभ्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "यादीत एवढंच असतं ना? तेवीस?"

"हो."

"मग ये आत. बाकीचं यादीत नव्हतं."

आणि मग तिने पेपर पसरला. शेवटची दोन मोठी उदाहरणं तिने अख्ख्या वर्गात कुणीही न केलेल्या रीतीने सोडवली होती, आकृती काढून. आकडेमोडीत एक बेरीज चुकली म्हणून गुण गेले होते, पण सरांनी समासात लिहिलं होतं, 'रीत तुझी आहे का? छान.' बाईंना आकृतीतलं ओ की ठो कळलं नाही. त्यांनी तसं सांगितलं. बिट्टीने परत समजावलं. परत नाही कळलं. तिसऱ्यांदा समजावताना बिट्टी स्वतःच थांबली आणि ओरडली, "अरे, इथे आणखी एक सोपी रीत आहे!" तिने कागद ओढला आणि ती लिहीत सुटली, आई समोर आहे हेही विसरली. बाईंनी हळूच चपला काढून बाजूला ठेवल्या.

खरं तर हकिगत इथेच संपायची, पण खिडकीबाईंच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. आपल्या एका लेकीचं टाळलं, पण उरलेल्या चारशे पोरांच्या घरी पत्रं आपल्याच हातची जातात, आणि तीही पोरांना गुण कळायच्या आधी. त्यांनी मोठ्या बाईंना भेटून सांगितलं, पत्रं तीन दिवस उशिरा टाकू. पेपर आधी मुलांच्या हातात पडू देत. आणि पत्रात वर एक ओळ घालू, 'गुणांबद्दल आपल्या मुलाशी आधी बोलणं झालं असेलच.'

मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि ज्यांची मुलं सांगणारच नाहीत?"

"त्यांना तीन दिवसांनी पत्र मिळतंच आहे. पण सांगायची संधी तरी मिळेल."

"पालक माझ्या डोक्यावर बसतील."

"खिडकीवर मी आहे," खिडकीबाई म्हणाल्या.

एका सत्रापुरती परवानगी मिळाली. पालक बसलेच डोक्यावर. सगळ्यात जोरात आला तो कोपऱ्यावरचा बेकरीवाला. पिठाचे हात तसेच, फळीवर मूठ आपटून म्हणाला, "माझ्या पोराचे गुण सांगा. आत्ता."

"त्याला विचारलंत?"

"तो काय सांगणार? खोटारडा आहे!"

"एकदा विचारून या. नाही सांगितलं तर मी सांगते."

"बाई, तुम्ही कारकून आहात का न्यायाधीश?"

"कारकूनच आहे. म्हणून तर सांगते. मला फक्त आकडा माहीत आहे. तो कुठे अडला, कशाला घाबरला, हे माझ्या कागदावर नाही. आणि हे बघा, विचारताना समोर बसून डोळे वटारू नका. बेकरीत पीठ मळताना विचारा. तुमचे हात कामात असले की त्याला धीर येईल."

बेकरीवाला पुटपुटत गेला. चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा आवाज खाली होता. "भाषेत नापास आहे म्हणाला. पीठ मळताना म्हणाला. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजाऱ्याचं बघून लिहितो, त्यात पकडला गेला. दोन वर्षं दिसत नाहीये बाई त्याला! घरात कुणाला पत्ता नाही." तो काही वेळ फळीवरचं स्वतःच्याच हाताचं पीठ झटकत राहिला. "चष्मा करायला टाकलाय."

ही गोष्ट बाईंनी कुणाला सांगितली नाही, पण बेकरीवाल्याने पावाबरोबर घरोघर पोचवली. त्यानंतर शनिवारी दुपारी खिडकीशी पालक येऊ लागले. गुण विचारायला नाही, नुसतेच. कुणाची पोरगी दार लावून बसते, कुणाचा पोरगा 'हं' खेरीज बोलत नाही. बाईंपाशी काही मोठं ज्ञान नव्हतं. त्या ऐकून घेत आणि आपलं कसं चुकलं तेवढं सांगत. त्यातलं कोरा पेपर देण्याचं मात्र त्या गाळत. ते बिट्टीचं होतं.

दहावीच्या निकालाच्या दिवशी खिडकीबाईंनी रजा टाकली. सोळा-सतरा वर्षांत निकालाच्या दिवशी त्या घरी राहिल्या नव्हत्या. सकाळपासून त्यांनी तीनदा केर काढला. यजमानही अर्धा दिवस टाकून आले होते आणि पॉलिश केलेल्याच बुटांना पुन्हा पॉलिश करत होते. शाळा दहा मिनिटांवर. बिट्टी जाऊन तास झाला.

"मी जिन्यापर्यंत जाऊ?" बाईंनी विचारलं.

"जिन्यापर्यंत जा. खाली उतरू नकोस."

त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. शेवटी खाली पावलं वाजली. बिट्टी वर येत होती, एकेक पायरी, मुद्दाम सावकाश, चेहरा मख्ख. मधल्या मजल्यावर त्याच काकू दार उघडून उभ्या होत्या. "काय गं, लागला का निकाल?" बिट्टी म्हणाली, "सांगते काकू, पण आधी आईला." आणि उरलेल्या पायऱ्या तिने दोन दोन करून चढल्या.

पहिला वर्ग होता. नंबरबिंबर नव्हता. त्या संध्याकाळी तिघं नदीच्या बांधावरून पार पुलापर्यंत चालत गेली. बिट्टी सगळा वेळ बोलत होती. कुठल्या पेपरात काय झालं, कुठल्या प्रश्नाला काय लिहिलं, कुणाचं पेन फुटलं. बाई आणि यजमान तिच्या दोन बाजूंनी चालत होते आणि मधेच एकमेकांकडे बघत होते.

पुढे बिट्टी आरेखन शिकली. पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत लागली, दुसऱ्या गावी स्थिरावली. नाना निवृत्त झाले, वर्षभरात गेले. खिडकीबाई आणखी सतरा वर्षं त्याच फळीमागे बसल्या. तीन दिवस उशिराने पत्र टाकायची पद्धत कुणी लेखी मंजूर केली नाही आणि कुणी बंदही केली नाही. मग टाइपरायटर गेला, संगणक आला, आणि बाई निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत गुण थेट पालकांच्या फोनवर जाऊ लागले. बाईंना ते कळलं तेव्हा त्या दिवसभर घुश्शात होत्या. नंतर म्हणाल्या, जाऊ दे, फोन बाजूला ठेवून विचारणारेही असतीलच की कुणी.

यजमान जाऊन आता तीन वर्षं झाली. बिट्टी दर काही महिन्यांनी चार दिवस राहायला येते. मागच्या खेपेला दोघी जेवून पानं आवरत होत्या आणि कशावरून तरी तो निकाल निघाला. बिट्टी म्हणाली, "गणितात एकसष्ट होते ना गं मला?"

"छे, त्रेसष्ट."

"एकसष्टच. मला पक्कं आठवतंय."

"अगं, जन्मभर याद्या टाइप केल्यात मी. त्रेसष्ट!"

गुणपत्रक आतल्या कपाटात, कापडी पिशवीत होतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. दोघी हिरिरीने भांडल्या, मग बिट्टीला त्या वर्गातली जागेपणी बडबडणारी मुलगी आठवली, मग सर, मग वडिलांचे बूट. कपाटाकडे जायला कुणी उठलं नाही.